बत्तीसऐवजी दोन : प्रतिकारपेशी साखर अर्धवट का जाळतात?

बारावीच्या जीवशास्त्रात एक हिशेब सगळ्यांनी पाठ केलेला असतो. ग्लुकोजचा एक रेणू मायटोकाँड्रियात ऑक्सिजनच्या मदतीने पुरता जाळला, तर साधारण 30 ते 32 एटीपी (पेशीत ऊर्जा पोचवणारे रेणू) मिळतात (जुन्या पुस्तकांत 36 किंवा 38 लिहिलेले असत). तोच रेणू नुसत्या ग्लायकोलिसिसमधून, म्हणजे साखर मोडण्याच्या पहिल्या, ऑक्सिजन न लागणाऱ्या टप्प्यातून काढला आणि शेवटी लॅक्टेट करून बाहेर टाकला, तर हाती निव्वळ 2. ऑक्सिजन कमी पडला तर पेशीचा नाइलाज असतो. जोरात धावताना स्नायूंत तेच घडतं. पण टी पेशीचं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका पांढऱ्या रक्तपेशीचं, वागणं या हिशेबात बसत नाही. शरीरात जंतू शिरला आणि टी पेशी जागी झाली, की ऑक्सिजन मुबलक असतानाही ती हाच दोन एटीपीचा रस्ता धरते. ऊर्जेची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या तेव्हा.

ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात कर्करोगाच्या पेशींत हेच पाहिलं होतं. या पेशींचे मायटोकाँड्रिया बिघडलेले असावेत, असा त्यांनी अर्थ लावला. टी पेशींच्या बाबतीत तो अर्थ लागू पडत नाही, कारण त्यांचे मायटोकाँड्रिया धडधाकट असतात. मग हा तोट्याचा व्यवहार कशासाठी? याचं उत्तर शोधता शोधता गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक स्वतंत्र शाखाच उभी राहिली. तिच्यातून पुढे आलेली मुख्य गोष्ट अशी, की पेशी काय खाते आणि ते कुठपर्यंत जाळते, यावर ती किती काम करणार एवढंच ठरत नाही; ती कोणतं काम करणार तेही ठरतं.

टी पेशी जागी होते तेव्हा

अजून कुठल्याही जंतूशी गाठ न पडलेली टी पेशी जेमतेम 6-7 मायक्रॉनची असते. आतली बहुतेक जागा केंद्रकानेच अडवलेली. तिचा खर्च मोजका, कारण फिरत राहायचं आणि जिवंत राहायचं एवढंच तिचं काम. आयएल-7 नावाचा संदेश तिला थोडं थोडं ग्लुकोज आत घ्यायला लावतो आणि आलेलं ग्लुकोज ती मायटोकाँड्रियात नीट, शेवटपर्यंत जाळते.

लसिका ग्रंथीत तिला तिचा जंतू 'दाखवला' जातो तेव्हा दोन संदेश एकदम मिळावे लागतात. एक टी पेशीच्या ग्राहीमधून (संदेश पकडणाऱ्या पृष्ठभागावरच्या रेणूमधून), दुसरा सीडी-28 या रेणूमधून. दुसऱ्या संदेशाचं एक मोठं काम चयापचयाचंच आहे. पीआय-थ्री-के, एकेटी आणि एमटॉर या साखळीतून तो ग्लुट-1 नावाचे ग्लुकोजचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर आणून बसवतो. सीडी-28 विना नुसता पहिला संदेश मिळाला, तर ही साखळी पुरती चालू होत नाही आणि पेशी बधिर होते. पुढे खरा जंतू समोर आला तरी ती नीट प्रतिसाद देत नाही.

पहिले 24 तास पेशी विभागतच नाही, फक्त फुगते. त्यानंतर मात्र दर 6 ते 8 तासांनी एकीच्या दोन होतात. 8 तासांचा हिशेब धरला तरी पाच दिवसांत 15 विभाजनं, म्हणजे एका पेशीच्या 32,768 पेशी. कोड्याची उकल इथेच आहे. घर बांधायचं तर नुसतं विजेचं कनेक्शन असून भागत नाही, विटा-वाळू-सिमेंट लागतं. एटीपी ही वीज झाली. नव्या पेशीसाठी डीएनए, प्रथिनं आणि पटलं लागतात आणि त्यांचा कार्बन कुठून तरी यावा लागतो. ग्लुकोज पुरतं जाळलं, तर त्याचे सहाच्या सहा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. हातात वीज भरपूर, वीट एकही नाही.

म्हणून पेशी ग्लायकोलिसिसचा ओघ प्रचंड वाढवते आणि वाटेत ठिकठिकाणी फाटे काढते. पहिल्याच टप्प्यावरच्या ग्लुकोज-6-फॉस्फेटमधून पेंटोज फॉस्फेट मार्ग फुटतो. त्यातून डीएनए-आरएनएसाठी रायबोज आणि संश्लेषणासाठी लागणारं एनएडीपीएच मिळतं. मधल्या 3-फॉस्फोग्लिसरेटमधून सेरीन आणि त्यापासून न्यूक्लिओटाइडसाठीचे (डीएनए-आरएनएच्या घटकांसाठीचे) एक-कार्बनी तुकडे तयार होतात. मायटोकाँड्रियातून बाहेर काढलेल्या सिट्रेटपासून मेदाम्लं आणि नव्या पेशीपटलाचा माल बनतो. मायटोकाँड्रियात इंधन जाळणाऱ्या क्रेब्स चक्रातून असा माल उपसला, की तिथली भर ग्लुटामिन या अमिनो आम्लाने घातली जाते. ग्लायकोलिसिसच्या शेवटी उरलेल्या पायरुव्हेटचं लॅक्टेट केलं जातं, कारण त्या पायरीवर एनएडी हा इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू पुन्हा मोकळा होतो आणि त्याशिवाय ग्लायकोलिसिस पुढे सरकूच शकत नाही. लॅक्टेट बाहेर टाकणं दिसायला उधळपट्टी असली, तरी ओघ चालू ठेवण्याची ती किंमत आहे.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. बऱ्याच आकृत्यांत 'झोपलेली पेशी म्हणजे मायटोकाँड्रिया, जागी पेशी म्हणजे ग्लायकोलिसिस' असे दोन रकाने काढलेले असतात. प्रत्यक्षात जाग्या टी पेशीत मायटोकाँड्रियाचं कामही वाढतं, फक्त ग्लायकोलिसिस त्याहून कितीतरी पटींनी वाढतं.

कच्चा माल एवढ्यावरही गोष्ट थांबत नाही. एरिका पिअर्स यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवलं, की ग्लायकोलिसिसमधलं जीएपीडीएच हे एंझाइम रिकामं असलं, तर ते इंटरफेरॉन-गॅमा या, लढ्यात इतर पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएला जाऊन चिकटतं आणि त्याचं प्रथिन बनू देत नाही. ग्लुकोज भरपूर असलं की एंझाइम आपल्या मूळ कामात गुंतलेलं राहतं आणि आरएनए मोकळा सुटतो. टी पेशींना ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिलं तर त्या जगतात, विभागतातही, पण इंटरफेरॉन-गॅमा फार कमी बनवतात. पेशी जिवंत, संख्या पुरेशी, तरी काम होत नाही, ही अवस्था नंतर कर्करोगाच्या गाठीत पुन्हा भेटेल.

मॅक्रोफेजमधलं अडलेलं चक्र

या शाखेतला सर्वांत देखणा भाग मॅक्रोफेजचा, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

मॅक्रोफेज ही ऊतींमध्ये तळ ठोकून बसलेली भक्षक पेशी. जिवाणूच्या कवचातला लिपोपॉलिसॅकराइड तिच्या टीएलआर-4 या ग्राहीला लागला, की काही तासांत तिचं क्रेब्स चक्र दोन ठिकाणी अडतं. सिट्रेट, आयसोसिट्रेट, अल्फा-किटोग्लुटारेट, सक्सिनेट, फ्युमरेट, मॅलेट हा गोल आठवा. पहिला अडथळा आयसोसिट्रेटच्या पुढे, दुसरा सक्सिनेटच्या पुढे. अडथळ्याच्या अलीकडचा माल साठत जातो आणि त्या साठलेल्या मालाचंच पेशी काहीतरी करते.

पहिल्या अडथळ्यामागे सिट्रेट साठतं. त्यातलं काही बाहेर येऊन मेदाम्लांत जातं आणि मेदाम्लांपासून पुढे प्रोस्टाग्लँडिन बनतात. ताप आणि ठणका आणणारे हेच. आयबुप्रोफेन त्यांच्याच निर्मितीवर घाव घालतं. सिट्रेटचा दुसरा वाटा इटाकोनेट नावाच्या छोट्या आम्लात जातो. हे बनवणारं एंझाइम कोणतं, ते 2013 मध्ये नक्की झालं. इटाकोनेट जिवाणूंचं आयसोसिट्रेट लायेज हे एंझाइम बंद पाडतं. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटात मेदाम्लांवर गुजराण करतो आणि त्यासाठी त्याला हेच एंझाइम लागतं. माणसाच्या पेशीत ते मुळातच नाही, त्यामुळे यजमानाचं काही अडत नाही. इटाकोनेट बनवू न शकणारे उंदीर क्षयाच्या संसर्गात लवकर मरतात. जंतूही स्वस्थ बसलेले नाहीत. स्यूडोमोनास आणि प्लेगचा जंतू यांच्याकडे इटाकोनेट फोडून पचवणारी जनुकं आहेत.

दुसऱ्या अडथळ्यामागे सक्सिनेट साठतं आणि मायटोकाँड्रियाबाहेर झिरपतं. पेशीत एचआयएफ-1-अल्फा नावाचं प्रथिन सतत बनत असतं आणि सतत तोडलंही जातं. ते तोडण्याची खूण करणारी एंझाइमं सक्सिनेटमुळे मंदावतात. एरवी ही एंझाइमं ऑक्सिजन कमी असला तरच थंडावतात. इथे ऑक्सिजन आहे, पण सक्सिनेटमुळे पेशी तो नसल्यासारखी वागते. एचआयएफ साठतं, ग्लायकोलिसिसची जनुकं आणखी जोरात चालतात आणि आयएल-1-बीटा या दाहक रेणूचं जनुक उघडतं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये ल्यूक ओनील यांच्या गटाने 2013 मध्ये ही साखळी मांडली. त्या प्रयोगातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. ग्लायकोलिसिस रोखणारं 2-डीऑक्सिग्लुकोज दिल्यावर आयएल-1-बीटा घटलं, टीएनएफ हा दुसरा दाहक रेणू घटला नाही. ऊर्जा कमी पडल्यामुळे पेशी थकली असती, तर दोन्ही घटायला हवे होते. इंधनाच्या वाटेने दोन संदेशांपैकी नेमका एक निवडला.

थोड्या वेळाने इटाकोनेट उलट्या बाजूने काम करू लागतं. ते सक्सिनेटवर काम करणारं एंझाइम अडवतं आणि कीप-1 या प्रथिनाला चिकटून एनआरएफ-2 ही दाह शमवणारी व्यवस्था मोकळी करतं. आग लावण्याची आणि विझवण्याची सामग्री एकाच चक्रातून निघते.

जखम भरण्याच्या टप्प्यावरची, आयएल-4 चा संदेश मिळालेली मॅक्रोफेज वेगळी वागते. तिचं चक्र अखंड फिरतं, ती मेदाम्लं जाळते आणि आर्जिनिन या अमिनो आम्लाचा वापर कोलॅजनसाठी लागणाऱ्या प्रोलीनकडे वळवते. उंदराची चिडलेली मॅक्रोफेज त्याच आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. हा वायू जंतूंसोबत तिच्या स्वतःच्या मायटोकाँड्रियालाही दुखावतो, म्हणून तिला मागे फिरणं अवघड जातं. 'उंदराची' हा शब्द इथे मुद्दाम आहे. माणसाच्या मॅक्रोफेज प्रयोगशाळेत नायट्रिक ऑक्साइड आणि इटाकोनेट दोन्ही फार कमी बनवतात. उंदरावरचा निष्कर्ष उचलून माणसाला लावणाऱ्या बातम्या वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

न्यूट्रोफिल आणि एनएडीपीएच

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींत ज्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्या न्यूट्रोफिल. त्यांच्यात मायटोकाँड्रिया थोडे असतात आणि एटीपी बहुतांशी ग्लायकोलिसिसमधून येतो. पू झालेल्या जागी ऑक्सिजन आणि ग्लुकोज दोन्ही तुटपुंजे असतात. तिथे काम करायचं म्हणून या पेशी सोबत ग्लायकोजेनचा साठाही बाळगतात.

जंतू गिळला की न्यूट्रोफिलचा ऑक्सिजनचा खप एकदम अनेक पटींनी वाढतो. ही वाढ 1933 मध्येच टिपली गेली होती. पुढे 1959 मध्ये दिसलं, की मायटोकाँड्रिया बंद पाडणारं सायनाइड दिलं तरी ती थांबत नाही. हा ऑक्सिजन श्वसनासाठी नसतोच. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एंझाइम एनएडीपीएचमधले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन सुपरऑक्साइड बनवतं, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, म्हणजे ब्लीचमधलंच रसायन. एनएडीपीएच येतं ग्लुकोजच्या पेंटोज फॉस्फेट फाट्यातून.

ही साखळी कुठे तुटू शकते, ते रुग्णांत दिसतं. ऑक्सिडेजच्या जनुकात दोष असला तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो. मुलाला लहानपणापासून वारंवार गळवं, यकृतातला पू, अ‍ॅस्परजिलस बुरशीचा न्यूमोनिया. निदानासाठी डीएचआर चाचणी करतात. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेत अशा आजारांवर काम चालतं. रक्तातल्या न्यूट्रोफिलना डायहायड्रोऱ्होडामाइन पाजून पीएमए या रसायनाने डिवचतात. ऑक्सिडेज चालू असेल तर रंगद्रव्य चमकतं आणि फ्लो सायटोमीटरवर ती चमक मोजली जाते. आई वाहक असेल तर तिच्या नमुन्यात चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या अशा दोन वेगळ्या टेकड्या दिसतात. चुका ठरलेल्या असतात. नमुना 24 तासांहून शिळा झाला, प्रवासात तापला, किंवा सोबत त्याच वेळी घेतलेला निरोगी माणसाचा नमुना पाठवला नाही, तर चमक का कमी आली हे सांगता येत नाही. हायपोक्लोरस आम्ल बनवणाऱ्या मायलोपेरॉक्सिडेज या एंझाइमची कमतरता असली तरीही चमक कमी दिसते, आणि तो आजार पुष्कळ सौम्य आहे.

जी-6-पीडी या, पेंटोज फॉस्फेट फाट्याच्या सुरुवातीच्या एंझाइमची कमतरता हा त्याच साखळीतल्या आणखी आधीच्या कडीचा दोष. महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत आणि पारशी समाजात ती आढळते आणि मलेरियासाठी प्रायमाक्विन देण्याआधी तिची तपासणी करायची असते. पण अशा बहुतेकांना जंतुसंसर्गाचा विशेष त्रास होत नाही, होतो तो लाल पेशी फुटण्याचा. लाल पेशीला केंद्रक नसतं आणि तिला 120 दिवस जुन्याच एंझाइमवर काढायचे असतात. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात, त्यामुळे त्यांचं एंझाइम तुलनेने ताजं असतं. कमतरता अगदी तीव्र असली, तरच त्यांच्यातही एनएडीपीएच अपुरं पडतं.

मधुमेहात याच एनएडीपीएचला वाटेकरी येतो. रक्तातली साखर खूप वाढली की आल्डोज रिडक्टेज हे एंझाइम जास्तीच्या ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करू लागतं आणि त्यात एनएडीपीएच खर्च होतं. साखर ओसंडून वाहत असताना न्यूट्रोफिलची मारकशक्ती घटते, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीच्या आजाराचे) हजारो रुग्ण झाले, त्यांच्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली. स्टेरॉइड साखर वाढवतं आणि भक्षक पेशींनाही दाबतं. कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होणं) झाला तर रक्तातलं प्रथिनांना बांधलेलं लोह सुटतं आणि बुरशीला आयतं मिळतं. त्या काळात 'इम्युनिटी बूस्टर'च्या बाटल्या खपल्या. रोज साखर तपासून इन्सुलिनचा डोस जुळवणं त्याहून कितीतरी कामाचं होतं.

स्मृतिपेशी, आणि दिशाभूल करणारं एक रसायन

संसर्ग ओसरला की बहुतेक टी पेशी मरतात आणि थोड्या स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षं राहतात. त्यांच्यात मायटोकाँड्रिया जास्त असतात आणि गरज पडली तर श्वसन वाढवण्याची राखीव क्षमताही मोठी असते. उंदरांत एमटॉर दाबणारं रॅपामायसिन किंवा मेटफॉर्मिन योग्य वेळी दिलं, तर स्मृतिपेशींची संख्या वाढते, असं 2009 मध्ये दिसलं. प्रतिकारशक्ती दाबायला वापरलं जाणारं औषध लशीची स्मृती वाढवतं, हे तेव्हा कुणाला पटायला जड गेलं असेल तर नवल नाही. (मधुमेह नसताना केवळ यासाठी मेटफॉर्मिन घ्यावं, असा याचा अर्थ होत नाही.)

स्मृतिपेशी मेदाम्लांवर जगतात, असं त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. त्याचा बराचसा पुरावा एटोमॉक्सिर या रसायनावर उभा होता. ते मेदाम्लांना मायटोकाँड्रियात नेणारं सीपीटी-1 हे एंझाइम रोखतं, पण त्यासाठी काही मायक्रोमोलर पुरतात. अनेक प्रयोगांत ते 200 मायक्रोमोलर वापरलं गेलं होतं, आणि एवढ्या मात्रेत ते श्वसनसाखळीलाच इजा करतं. 2018 मध्ये सीपीटी-1-ए चं जनुकच काढलेल्या टी पेशी तपासल्या, तर त्यांच्यापासून स्मृतिपेशी व्यवस्थित तयार झाल्या. मायटोकाँड्रिया लागतात हे खरं ठरलं, मेदाम्लांचा हट्ट मात्र टिकला नाही. एटोमॉक्सिरवर आधारलेला जुना लेख समोर आला, तर आधी मात्रा बघावी.

गाठीच्या आत

कर्करोगाच्या गाठीत ग्लुकोज कमी, लॅक्टेट जास्त आणि आम्लता वाढलेली असते. टी पेशीला स्वतःचं लॅक्टेट बाहेर टाकायचं असतं, पण बाहेर आधीच भरपूर असल्याने ते आतच तुंबतं. ग्लायकोलिसिस मंदावतं, आणि वर सांगितल्याप्रमाणे इंटरफेरॉन-गॅमा बनेनासं होतं. नियामक टी पेशी, म्हणजे इतरांना आवरणाऱ्या, लॅक्टेट वापरूनही तग धरतात. गाठीला हे दुहेरी फायद्याचं ठरतं.

कर्कपेशी सगळी साखर ओरपतात म्हणून टी पेशी उपाशी राहतात, ही मांडणी 2015 पासून लोकप्रिय होती. 2021 मध्ये गाठीतल्या वेगवेगळ्या पेशींनी प्रत्येकी किती ग्लुकोज घेतलं ते उंदरांत थेट मोजलं गेलं. पेशीमागे सर्वांत जास्त ग्लुकोज मॅक्रोफेजसारख्या मायलॉइड पेशींनी घेतलं होतं. कर्कपेशींचा ओढा ग्लुटामिनकडे होता. 'कॅन्सरला साखर तोडा' म्हणून रुग्णाचं गोड, भात, फळं बंद करणाऱ्यांना यातून काही आधार मिळत नाही. रुग्ण खंगतो आणि रक्तातली साखर यकृत राखायची तेवढी राखतंच.

उपचारात हे ज्ञान सर्वांत सरळ वापरलं गेलं ते कार-टी पेशींमध्ये. रुग्णाच्या टी पेशी काढून त्यांत कर्कपेशी ओळखणारी कृत्रिम ग्राही घालायची आणि पेशी परत द्यायच्या. या ग्राहीच्या आतल्या टोकाला सीडी-28 चा तुकडा जोडला, तर पेशी ग्लायकोलिसिसकडे झुकतात, झटकन वाढतात आणि लवकर संपतात. त्याऐवजी 4-1-बीबी या तशाच दुसऱ्या रेणूचा तुकडा जोडला तर मायटोकाँड्रिया वाढतात आणि पेशी जास्त काळ टिकतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने 2016 मध्ये हा फरक दाखवला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या, ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळालेल्या नेक्सकार-19 या कार-टी उपचारातही 4-1-बीबी आहे. पेशी वाढवताना द्रवात आयएल-2 घातलं की पेशी लढाऊ पण अल्पायुषी होण्याकडे झुकतात, आयएल-7 आणि आयएल-15 घातलं की स्मृतीसारख्या. संख्या गाठण्यासाठी पेशी जास्त दिवस प्रयोगशाळेत ठेवल्या, तर आकडा वाढतो पण दम जातो.

मोजायचं कसं

बहुतेक प्रयोगशाळांत सीहॉर्स नावाचं यंत्र असतं. 96 खळग्यांच्या ताटलीत पेशी ठेवून ते ऑक्सिजनचा खप आणि आम्ल सोडण्याचा वेग मोजतं. टी पेशी तरंगत्या असल्यामुळे खळग्याला पॉलि-डी-लायसिनचा लेप देऊन साधारण दीड ते दोन लाख पेशी तळाला चिकटवतात. मग तीन इंजेक्शनं : ऑलिगोमायसिन (सुमारे 1 ते 1.5 मायक्रोमोलर) एटीपी बनवणारं एंझाइम थांबवतं, एफसीसीपी श्वसनाला कमाल वेगाने पळवतं, शेवटी रोटेनोन आणि अँटिमायसिन ते पूर्ण बंद करतात. एफसीसीपीची मात्रा प्रत्येक प्रकारच्या पेशीसाठी आधी चाचपावी लागते. ती जास्त झाली तर श्वसन वाढण्याऐवजी पडतं आणि पेशीला राखीव क्षमताच नाही असा खोटा निष्कर्ष निघतो. आम्लाच्या आकड्यातही गोम आहे, कारण श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही पाण्यात आम्लच बनवतो. ग्लायकोलिसिसबद्दल ठाम बोलायचं असेल तर लॅक्टेट वेगळं मोजावं.

याहून मोठी चूक पेशी ज्या द्रवात वाढवतात त्या द्रवातच असते. नेहमीच्या आरपीएमआय-1640 मध्ये लिटरला 2 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे 200 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डीएमईएम या दुसऱ्या द्रवाच्या जास्त ग्लुकोजच्या प्रकारात 450. माणसाच्या रक्तात हा आकडा आला तर डॉक्टर धावपळ करतील, आणि इथे त्यातल्या पेशींना 'सामान्य' म्हणायची पद्धत आहे.

तापात लंघन

ताप आला की जेवण नकोसं होतं आणि घरात दोन पक्ष पडतात. येल विद्यापीठात रुस्लान मेझितोव्ह यांच्या गटाने 2016 मध्ये उंदरांवर याची परीक्षा घेतली. लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग असताना नळीने खायला घातलेले उंदीर मेले आणि दोष ग्लुकोजचा निघाला. इन्फ्लुएंझा विषाणूत उलट घडलं. ग्लुकोजचा वापर अडवला की उंदीर मेले. जंतूंची संख्या दोन्हीकडे फारशी बदलली नव्हती, बदलली ती दाह सोसण्याची ताकद. जिवाणूच्या बाबतीत उपासात तयार होणारे कीटोन मेंदूला जपत होते. घरी मात्र ताप कशाचा आहे हे पहिल्या दिवशी कळत नाही. पाणी, पेज, वरणाचं पाणी चालू ठेवावं, घास कोंबू नये. इन्सुलिन घेणाऱ्याने, लहान मुलाने आणि गरोदर बाईने लंघनाच्या भानगडीत पडू नये.

दुकानात मिळणारी औषधं

हे सगळं भविष्यातलं वाटत असेल, तर औषधाच्या दुकानातल्या काही जुन्या गोळ्या पाहा. मायकोफेनोलेट हे मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णांना दिलं जातं. ते ग्वानिन न्यूक्लिओटाइड नव्याने बनवण्याचा रस्ता बंद करतं. इतर बऱ्याच पेशी जुनं ग्वानिन पुन्हा वापरून भागवतात, विभागणाऱ्या टी आणि बी पेशींना ते पुरत नाही. सिरोलिमस म्हणजेच रॅपामायसिन. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जंतूपासून माँट्रियलमध्ये सुरेन सेहगल यांच्या गटाने वेगळं केलेलं, आणि एमटॉर या नावातला 'आर' त्याचाच.

लेफ्लुनोमाइड आमवातावर वापरतात. ते मायटोकाँड्रियातलं डीएचओडीएच हे एंझाइम रोखून पिरिमिडीन या डीएनए-आरएनएच्या घटकाचा पुरवठा तोडतं. निवांत पेशींना थोडं पुरतं, जाग्या पेशींना पटींनी जास्त लागतं, म्हणून मार नेमका त्यांनाच बसतो. पण ते शरीरात फार काळ, कधी दोन वर्षांपर्यंत, रेंगाळतं. मूल हवं असेल तर गोळी बंद करून भागत नाही. कोलेस्टिरामाइन 8 ग्रॅम दिवसातून तीनदा असं 11 दिवस देऊन ते बाहेर काढतात आणि रक्तातली पातळी तपासतात.

मेथोट्रेक्सेट फोलेटच्या, म्हणजे एक-कार्बनी तुकड्यांच्या रस्त्यावर काम करतं. आमवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. सवयीने रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जा दबते आणि जीवही जातो. पाकिटावर वार मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवावा, फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवशी घ्यावं, आणि मूत्रपिंड अधू असेल तर आधी सांगावं. तोंडात फोड आले, ताप आला किंवा अंगावर निळे डाग दिसले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करून घ्यावी आणि डॉक्टरांकडे जावं. फोलिनिक अ‍ॅसिड हा उतारा जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.